राज्यघटनेमागची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांवर नव्या चोपड्यांची पूजा होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, 'श्री' लिहितात, लाह्या-बत्तासे वाटतात. पण पुढे मुनीमजी चष्मा पुसून बैठकीवर बसले की त्यांचे पहिले काम असते ते जुन्या वहीतली मागील बाकी नव्या वहीत ओढण्याचे. कोणाकडून काय येणे आणि कोणाचे काय देणे, हे पूजेने पुसले जात नाही. राष्ट्रांचेही काहीसे असेच असते. नवे राष्ट्र जन्माला आले की झेंडा फडकतो, तोफा सुटतात, चौकात पुतळे उभे राहतात. पण त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मागील बाकी ठाण मांडून बसलेली असते. ती कोणी फेडायची, कोणाच्या खिशातून फेडायची आणि वसुलीचा हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता पुष्कळदा राज्यकारभाराचा सगळा सांगाडाच ठरून जातो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना हे याचे ठळक उदाहरण आहे. आम्ही शाळामास्तर मुलांना दोन साले घोकायला लावतो: १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची घटना. स्वातंत्र्य, समता, लोकांचे राज्य हे शब्द मुलांच्या तोंडी चांगले बसतात. मधल्या अकरा वर्षांची हकीकत मात्र क्रमिक पुस्तकांत दीड ओळीत उरकलेली असते. त्या दीड ओळीत जे दडले आहे ते सांगण्याचा येथे विचार आहे. ती गोष्ट पैशाची आहे, आणि म्हणून ती माणसांचीही आहे.

इंग्लंडच्या राजाशी तेरा वसाहतींनी युद्ध पुकारले तेच मुळी करावरून. आपला प्रतिनिधी जेथे बसत नाही अशा दूरच्या पार्लमेंटने आपल्यावर कर का बसवावा, हा त्यांचा सवाल. साहजिकच युद्ध चालवण्यासाठी त्यांनी स्वतःची जी मध्यवर्ती सभा नेमली, जिला ते काँग्रेस म्हणत, तिलाही कर बसवण्याचा अधिकार देण्यास कोणी तयार नव्हते. ताकाने तोंड पोळले नव्हते, दुधानेच पोळले होते. तेव्हा ताकही फुंकूनच प्यायचे, असा तो मामला. पण लढाई फुंकरीवर चालत नाही. सैन्याला पीठ लागते, बूट लागतात, दारूगोळा लागतो. मग काँग्रेसने सर्वांत सोपा मार्ग धरला, तो नोटा छापण्याचा. १७७५ पासून चार-पाच वर्षांत सुमारे २४ कोटी डॉलरांच्या नोटा बाहेर पडल्या. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? नोटांमागे सोने नव्हते, चांदी नव्हती, कराचे उत्पन्नही नव्हते. १७८० च्या मार्चमध्ये खुद्द काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक डॉलर असा हिशेब मान्य केला. या नोटांना 'काँटिनेंटल' म्हणत, आणि एखादी वस्तू अगदीच टाकाऊ असली तर 'एका काँटिनेंटलच्याही लायकीची नाही' अशी म्हण त्या देशाच्या बोलीत रूढ झाली.

पुढे पुढे सैनिकांच्या हाती नोटाही पडेनात. पगाराऐवजी त्यांना कागदी रोखे मिळू लागले. सरकार तुझे इतके इतके देणे लागते, सवडीने देईल, असा त्या रोख्याचा मजकूर. १७८३ साली तह झाला आणि हे सैनिक घरोघर परतले. घरी काय? शेत तणाने माजलेले, दुकानदाराची उधारी तुंबलेली, कर थकलेला. रोखा दाखवून कोणी मीठ देईना. तेव्हा शहरातला व्यापारी किंवा त्याचा दलाल येई आणि तो रोखा दर्शनी किमतीच्या अगदी थोड्या अंशाने विकत घेई. पाच वर्षे थंडीपावसात काढलेल्या माणसाने आपला पगार असा कवडीमोलाने विकला. त्याला कोणी फसवले असेही म्हणता येत नाही. गरज होती त्याने विकला, धीर धरण्याची ऐपत होती त्याने घेतला. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या एका व्यवहारात आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१७८१ साली तेरा राज्यांनी आपसात एक संघ-करार केला होता. त्याचा कारभार म्हणजे बारभाईंची शेती. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागावेत, राज्यांनी ऐकले तर ऐकावे. करारात काही बदल करायचा तर तेरांचीही संमती हवी. परदेशी मालावर शेकडा पाच टक्के जकात बसवून कर्ज फेडावे, असा साधा प्रस्ताव काँग्रेसने मांडला. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि तो बारगळला. पुन्हा १७८३ मध्ये नवा प्रस्ताव आला, तो शेवटी न्यूयॉर्कने अडवला. फ्रान्सचे व्याज तटले. त्याच १७८३ च्या जून महिन्यात तर मोठीच नामुष्की झाली. पगार न मिळालेले काही शे सैनिक हातात बंदुका घेऊन फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीभोवती उभे राहिले. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया राज्याकडे संरक्षण मागितले, ते मिळाले नाही. अखेर राष्ट्राचे हे कर्तेपुरुष गाशा गुंडाळून शेजारच्या न्यू जर्सीतील प्रिन्स्टन गावी निघून गेले. जगातल्या बलाढ्य साम्राज्याला नमवणारे सरकार आपल्याच सैनिकांच्या थकलेल्या पगारापुढे पळाले!

राज्याराज्यांतही जकातीच्या कुरबुरी होत्या. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही दोन मोठी बंदरे. मध्ये सापडलेल्या न्यू जर्सीला परदेशी माल या ना त्या बंदरातूनच येई, आणि त्यावरची जकात शेजाऱ्यांच्या तिजोरीत जाई. व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन या राज्याची तुलना दोन्ही बाजूंनी तोट्या लावलेल्या पिंपाशी करत असे. त्यात इंग्लंडने वेस्ट इंडीजची बंदरे अमेरिकन जहाजांना बंद केली. नेहमीचा व्यापार बसला आणि जे काही सोनेनाणे होते ते इंग्रजी मालाच्या किमतीपोटी बाहेर जाऊ लागले. गावोगाव नाण्यांचा दुष्काळ पडला.

नाणे नाही, तर ऋणको कर्ज फेडणार कशाने? ऱ्होड आयलंडमध्ये ऋणको शेतकऱ्यांच्या बाजूचे लोक निवडून आले आणि १७८६ साली त्यांनी राज्याच्या नोटा छापून त्या सक्तीच्या केल्या. नोट नाकारील त्याला दंड. आता उलटाच तमाशा सुरू झाला. एरवी सावकार येताना दिसला की ऋणको मागच्या दाराने पळतो. येथे ऋणको नोटांचे पुडके घेऊन आला की सावकार पळू लागले. न्यूपोर्टच्या जॉन वीडन नावाच्या खाटकाने मांसाची किंमत म्हणून अशी नोट घेण्याचे नाकारले, तेव्हा त्याच्यावर खटला झाला. न्यायाधीशांनी तो चालवण्याचे नाकारले आणि विधिमंडळाने न्यायाधीशांनाच जाब विचारला. एका खाटकाच्या गल्ल्यावरून कायदा आणि न्याय यांची जुंपली.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने याच्या अगदी विरुद्ध वाट धरली. तेथील विधिमंडळावर किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचा पगडा. युद्धाचे कर्ज लवकर आणि पूर्ण फेडायचे, नोटा छापायच्या नाहीत, असा त्यांचा बाणा. तत्त्व चांगले, पण त्यासाठी कर बसले ते भारी, आणि पुष्कळसे नाण्यांतच भरायचे. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याजवळ धान्य होते, गुरे होती, नाणी नव्हती. कर थकला, कर्ज थकले, की कोर्टाचा हुकूमनामा, जप्ती आणि लिलाव. त्यानेही भागले नाही तर ऋणकोचा तुरुंग. आणि हा कर जात कोठे होता? पुष्कळसा त्या रोख्यांच्या व्याजात. ज्या सैनिकाने आपला रोखा मातीमोलाने विकला, त्याच्याच घरातली गाय आता त्या रोख्याचे व्याज भरण्यासाठी लिलावात निघत होती. हे गणित समजायला शिक्षणाची जरुरी नव्हती.

१७८६ च्या ऑगस्टअखेरीस नॉर्थॅम्प्टन गावी शेतकऱ्यांच्या जमावाने कोर्ट भरू दिले नाही. कोर्ट नाही तर हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही, असा सरळ हिशेब. चळवळ गावोगाव पसरली. तिच्या पुढाऱ्यांपैकी डॅनिएल शेज याचे नाव बंडाला चिकटले. हा युद्धातला कॅप्टन. बंकर हिल आणि सॅराटोगा येथे लढलेला. फ्रेंच सेनानी लाफायेत याने त्याला मानाची तलवार भेट दिली होती. ती तलवारही त्याने पैशाच्या अडचणीत विकली. बंड मोडण्यासाठी काँग्रेसने सैन्य उभारण्याचा ठराव केला, पण त्याला राज्यांकडून पैसाच आला नाही. अखेर बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्या वर्गणीवर जनरल लिंकन याचे सैन्य उभे राहिले. १७८७ च्या २५ जानेवारीस स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर शेजचे लोक चालून गेले, तेव्हा पहाऱ्यावरच्या राज्याच्या फौजेने तोफा डागल्या. चौघे मेले, बाकीचे पांगले. फेब्रुवारीत लिंकनने बर्फाच्या वादळात रात्रभर कूच करून उरलेल्यांना गाठले आणि बंड संपले.

पण खरा धक्का पुढेच होता. त्याच वसंत ऋतूत मॅसॅच्युसेट्समध्ये निवडणुका झाल्या. बंड चिरडणारा गव्हर्नर बोडन पडला, जॉन हँकॉक मोठ्या मताधिक्याने निवडून आला, आणि नव्या विधिमंडळाने ऋणकोंना सवलती दिल्या, करांचा बोजा हलका केला. बंदुकीने जे मिळाले नाही ते मताने मिळाले. धनकोंच्या दृष्टीने हे जास्त चिंतेचे होते. बंड तोफेने मोडता येते. विधिमंडळाचा कायदा कशाने मोडायचा?

या गडबडीच्या आधीपासून काही मंडळी वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी निघाली होती. पोटोमॅक नदीतील जलवाहतुकीबद्दल मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांचे बोलणे १७८५ च्या मार्चमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी पुरे झाले. त्यातून असे निघाले की व्यापाराचा प्रश्न दोघांचा नाही, सर्वांचा आहे. म्हणून १७८६ च्या सप्टेंबरात अ‍ॅनापोलिस येथे सर्व राज्यांची बैठक बोलावली. आले फक्त पाच राज्यांचे बारा प्रतिनिधी. पण त्यांत मॅडिसन होता आणि न्यूयॉर्कचा तरुण वकील अलेक्झांडर हॅमिल्टन होता. वेस्ट इंडीजच्या एका बेटावर जन्मलेला हा पोरका मुलगा लहान वयात व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करून हिशेब शिकलेला होता. रिकाम्या खुर्च्या पाहून खचण्याऐवजी त्यांनी ठराव केला की पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियात सर्व राज्यांनी यावे आणि नुसत्या व्यापाराचा नव्हे, साऱ्या कारभाराचा विचार करावा.

योगायोग पाहा. त्याच १७८६ च्या सप्टेंबर महिन्यात एक इंग्रज सरदार कलकत्त्यास उतरून गव्हर्नर जनरलच्या खुर्चीवर बसत होता. तो लॉर्ड कॉर्नवॉलिस, म्हणजे १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टनपुढे ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली तोच. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई आणि नाना फडणीसांचा कारभार होता. पुढे टिपूविरुद्धच्या लढाईत याच कॉर्नवॉलिसशी पुणे दरबाराने हातमिळवणी केली. आणि १७९३ साली बंगालचा जमीनसारा कायमचा ठरवून देऊन त्याने तिकडची जमीनदारी पक्की केली. तिकडे हरलेला सेनापती इकडे येऊन बसला, तो वसुलीचीच घडी बसवायला!

असो. १७८७ च्या २५ मे रोजी फिलाडेल्फियात सभेचे काम सुरू झाले. वॉशिंग्टन अध्यक्ष. ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन सर्वांत वडील. एकूण ५५ जण केव्हा ना केव्हा हजर राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. दारावर पहारा, आतली गोष्ट बाहेर बोलायची नाही असा नियम. मॅडिसनने रोज टिपणे लिहून ठेवली म्हणून आपल्याला ती चर्चा कळते, आणि तीही छापली गेली १८४० साली, त्याच्या मृत्यूनंतर. सभेत निम्म्याहून अधिक वकील, बाकी व्यापारी, मळेवाले, जमीनवाले. शेजच्या पंक्तीला बसलेला, जप्तीची नोटीस हाती पडलेला लहान शेतकरी तेथे नव्हता. तो प्रत्यक्ष नव्हता, पण त्याच्या भीतीला मात्र सभेत कायमची जागा होती.

घटनेची कलमे या नजरेने वाचून पाहावीत. मध्यवर्ती विधिमंडळाला पहिला अधिकार कोणता दिला? कर बसवण्याचा आणि देणी फेडण्याचा. त्याच्यामागोमाग कर्ज काढण्याचा, परदेशाशी आणि राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याचा, दिवाळखोरीचे कायदे करण्याचा, नाणी पाडण्याचा. राज्यांना काय मना केले? नाणी पाडू नयेत, कागदी नोटा काढू नयेत, सोन्याचांदीखेरीज दुसरे काही कर्जफेडीचे साधन ठरवू नये, आणि करारमदाराचे बंधन ढिले करणारा कायदा करू नये. ऱ्होड आयलंडचा नोटांचा कायदा आणि मॅसॅच्युसेट्सच्या ऋणकोंच्या सवलती डोळ्यांपुढे ठेवल्या की हे कलम कोणासाठी लिहिले ते सांगावे लागत नाही. पूर्वीच्या काँग्रेसने केलेले कर्ज नव्या सरकारवरही तितकेच बंधनकारक राहील, हेही स्पष्ट लिहिले. म्हणजे मागील बाकी नव्या वहीत रीतसर ओढली गेली. राज्यात अंतर्गत दंगा झाला तर मध्यवर्ती सरकार मदतीस येईल, असेही आश्वासन घातले.

जनमताची लाट एकदम तिजोरीपर्यंत येऊ नये म्हणून पायऱ्याही बांधल्या. लोकांनी थेट निवडायचे ते फक्त कनिष्ठ सभागृह. सेनेट राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायची, तीही सहा वर्षांसाठी. ही रीत १९१३ पर्यंत चालली. राष्ट्राध्यक्ष निवडायचा तो खास निवडक मंडळाने. न्यायाधीशांची नेमणूक तर वर्तन चांगले आहे तोवर कायमची.

आता या वहीतले सर्वांत काळे पान. दक्षिणेकडच्या राज्यांची सारी दौलत तंबाखू, भात आणि नीळ यांच्या मळ्यांत होती, आणि ते मळे गुलामांच्या घामावर चालत. प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येवर ठरवताना गुलाम मोजायचे की नाही? मळेवाल्यांना प्रतिनिधी हवे होते म्हणून ते मोजा म्हणाले. उत्तरेकडचे बहुतेक नको म्हणाले. पूर्वी करवाटणीच्या हिशेबात हेच पक्ष नेमके उलट बोलत असत. अखेर त्या जुन्या करवाटणीच्या प्रस्तावातलाच तीन-पंचमांशाचा अपूर्णांक उचलला: पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, प्रतिनिधित्वालाही आणि प्रत्यक्ष करालाही. मळेवाल्यांना जागा कायमच्या मिळाल्या. प्रत्यक्ष कर मात्र क्वचितच बसला. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत देशात सुमारे ३९ लाख माणसे भरली, त्यांत जवळजवळ ७ लाख गुलाम होते. त्यांच्या नावाने मते मिळाली, त्यांना मत मिळाले नाही.

दुसरा सौदाही असाच. व्यापाराचे कायदे साध्या बहुमताने व्हावेत, ही उत्तरेच्या जहाजवाल्यांची इच्छा. गुलामांची आयात बंद होऊ नये, हा दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाचा हट्ट. एकाने दुसऱ्याचे ऐकले, आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही असे ठरले. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने या व्यापाराचा कडक निषेध केला. तो स्वतः अनेक गुलामांचा धनी होता. दक्षिण कॅरोलिनाचा पिंकनी त्यावर म्हणाला त्याचा मथितार्थ असा, की आयात बंद झाली तर व्हर्जिनियाचा फायदाच आहे, कारण त्यांच्याजवळच्या गुलामांची किंमत चढेल. सद्गुणाचाही बाजारभाव काढणारी ती सभा होती. आणि इतके सौदे करून घटनेच्या मसुद्यात 'गुलाम' हा शब्द कोठेही लिहिला नाही. हिशेब लिहिला, पण खातेदाराचे नाव टाळले. ती बाकी पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात रक्ताने फेडावी लागली.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या आणि मसुदा राज्यांपुढे गेला. मॅसॅच्युसेट्सच्या सभेत एमॉस सिंगलटरी नावाच्या वृद्धाने हरकत घेतली. हे वकील, हे पैसेवाले गोड बोलून आम्हा गरिबांना गिळतील, देवमाशाने योनाला गिळले तसे, असे त्याचे म्हणणे. त्याला उत्तर द्यायला उठला तो कोणी वकील नव्हता. जॉनथन स्मिथ नावाचा, नांगर धरणारा शेतकरी. त्याने सांगितले की गेल्या हिवाळ्यातले बंड मी माझ्या गावात पाहिले आहे. अंदाधुंदीत गरिबाचे घर आधी लुटले जाते, म्हणून मला हे सरकार हवे. दोघेही प्रामाणिक, दोघेही शेतकरी वर्गाच्या जिव्हाळ्याने बोलणारे. १८७ विरुद्ध १६८ मतांनी घटना तेथे मंजूर झाली. इतक्या थोडक्या फरकाने राष्ट्रांची दैवे ठरतात. ऱ्होड आयलंड सर्वांत शेवटी, १७९० च्या मेमध्ये आत आले. आणि तेही केव्हा, तर तुमच्या मालावर परक्या देशासारखी जकात घेऊ असा धाक पडला तेव्हा, अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने.

नव्या सरकारने काय केले? १७८९ च्या ४ जुलैस, स्वातंत्र्याच्या वाढदिवशीच, वॉशिंग्टनने जकातीच्या कायद्यावर सही केली. हॅमिल्टन अर्थखात्याचा मंत्री झाला. १७९० च्या जानेवारीत त्याने आपला अहवाल मांडला: मध्यवर्ती कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, राज्यांचे आणखी सुमारे अडीच कोटी, हे सारे नव्या सरकारने पत्करावे आणि रोखा ज्याच्या हाती असेल त्याला दर्शनी किमतीचा मोबदला द्यावा. बातमी फुटताच दलालांनी जलद जहाजे दक्षिणेकडे रोखे गोळा करायला धाडली, अशी तक्रार जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने सभागृहात केली. तेव्हा मॅडिसन उठला. तो म्हणाला, सध्याच्या धारकाला बाजारातला चढा भाव द्या, आणि वरचा फरक ज्या सैनिकाला मूळ रोखा मिळाला होता त्याला द्या. प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला.

मी मराठी शाळेत गणित शिकवतो तेव्हा नफातोट्याची उदाहरणे मुलांकडून सोडवून घेतो. या उदाहरणाचे उत्तर मात्र मला अजून एकच एक काढता आलेले नाही. हॅमिल्टन म्हणत होता, रोखा हस्तांतर झाला की हक्कही गेला. सरकारच यात मोडता घालू लागले तर उद्या त्याच्या कागदावर कोण विश्वास ठेवील? पत अशीच उभी राहते, हे खरे. ती उभी राहिलीही. काही वर्षांतच युरोपच्या बाजारात अमेरिकेच्या कागदाला मान मिळाला. पण त्या पतीचा पाया ज्याच्या पाठीवर घातला तो सैनिक कोरडाच राहिला, हेही तितकेच खरे.

राज्यांची कर्जे पत्करण्याची बाब मात्र अडली. कारण व्हर्जिनियाने आपले बरेच कर्ज फेडले होते आणि तिला इतरांचा भार नको होता. जूनमध्ये जेफर्सनच्या न्यूयॉर्कमधील घरी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला जमले, आणि जेवणावळीत तोड निघाली: कर्ज केंद्राने घ्यावे, राजधानी दक्षिणेला पोटोमॅकच्या काठी जावी. आज वॉशिंग्टन शहर जेथे आहे तेथे का आहे, याचे उत्तर या कर्जखात्यात आहे.

पुढे व्याज भागवण्यासाठी दारूवर कर आला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांना डोंगर ओलांडून धान्य नेणे परवडत नसे, म्हणून ते त्याची व्हिस्की करून नेत. कर त्यांच्या पोटावर आला. १७९४ मध्ये ते बिथरले. या वेळी वर्गणी काढावी लागली नाही. सुमारे तेरा हजार शिपाई निघाले आणि काही वाट खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन त्यांच्याबरोबर गेला. बंड लढाईवाचूनच विरले. सात वर्षांपूर्वी स्प्रिंगफील्डला एक शिपाई न पाठवू शकणारे सरकार आणि हे सरकार यांतला फरक म्हणजेच ती घटना.

ही खतावणी प्रथम जगापुढे उघडली ती कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स बिअर्ड यांनी, १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात. घटना करणाऱ्यांपैकी पुष्कळांजवळ सरकारी रोखे होते, असे त्यांनी जुन्या कागदांतून दाखवले आणि मोठे वादळ उठले. त्याच १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला दाखल झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, यावरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. राज्याचा सांगाडा तिजोरीच्या बाजूने पाहण्याची विद्या ज्या आवारात जोर धरत होती, तेथेच आपल्या घटनेच्या शिल्पकाराने अभ्यास केला, ही आपल्यासाठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

१९५० नंतर रॉबर्ट ब्राउन, फॉरेस्ट मॅकडॉनल्ड अशा संशोधकांनी बिअर्ड यांचा हिशेब तपासून त्यात चुका दाखवल्या. रोखे नसलेले कित्येक घटनेच्या बाजूने होते आणि रोखेवाले कित्येक विरुद्ध. ते बरोबरच आहे. माणूस नुसता खिसा नसतो. पण त्यामुळे कलमे बदलत नाहीत. कोणाच्या पेटीत किती रोखे होते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कर, कर्ज, नाणे, करार आणि मळे या पाच चिंतांनीच त्या घराचे खांब कोठे रोवायचे हे ठरवले, यात शंका राहत नाही. त्यात लबाडी पाहणारे पाहोत. मला त्यात भित्रा, हिशेबी आणि तरीही काही टिकाऊ करू पाहणारा माणूस दिसतो. घटनादुरुस्तीची वाट त्यांनी मोकळी ठेवली, आणि तीच वाट धरून १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेतून हद्दपार झाली.

शेवटी दोन माणसांचे काय झाले तेवढे सांगतो. युद्धकाळात ज्याच्या पतीवर सैन्य चालले आणि घटनासभेच्या वेळी ज्याच्या घरी वॉशिंग्टन उतरला होता, तो फिलाडेल्फियाचा बडा व्यापारी रॉबर्ट मॉरिस जमिनींच्या सट्ट्यात बुडाला. १७९८ मध्ये त्याला ऋणकोंच्या तुरुंगात घातले, आणि तो सुटला १८०१ मध्ये. दिवाळखोरीचा कायदा करण्याचा अधिकार त्याने सही केलेल्या घटनेत होता. त्याच अधिकाराने १८०० साली झालेला कायदा त्याच्या कामी आला. आणि डॅनिएल शेज? त्याला १७८८ मध्ये माफी मिळाली. तो न्यूयॉर्क राज्यात जाऊन राहिला, गरिबीत म्हातारा झाला आणि १८२५ मध्ये वारला. मात्र उतारवयात त्याला युद्धातल्या चाकरीबद्दल निवृत्तिवेतन मिळू लागले होते. ज्या सरकारची तिजोरी त्याच्या धास्तीने एवढी भक्कम बांधली गेली, त्याच तिजोरीतून त्याचा थकलेला पगार उशिरा का होईना त्याच्या हाती पडला.